फुंकरीने दबणारी बटणं

दादाच्या बोटांतलं बळ आजाराने ओसरू लागलं, तेव्हा त्याने हातात मावणाऱ्या गेमिंग यंत्रासाठी आगाऊ पैसे भरले. यंत्र अजून बनायचं होतं. बटणं फुंकरीनेही दबतील इतकी हलकी असणार होती. त्याच्यासारख्या हजारो लोकांनी मिळून अपेक्षेपेक्षा जास्त पैसे भरले, म्हणून बनवणाऱ्यांनी सगळ्यांना विचारलं: यंत्र वेळेवर हवं, की वर्षभर थांबून मोठी स्क्रीन? बहुतेकांसारखी दादानेही स्क्रीन निवडली. “घाई कसली रे?” वर्षाची तीन वर्षं झाली. आज खोकं आलं. मी यंत्र त्याच्या तळव्यात ठेवलं. अंगठा हललाच नाही. “तू दाब, मी सांगतो. उडी! अरे गाढवा, खड्डा!” दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. खोक्यात चिठ्ठी होती: पुढचं यंत्र दोन वर्षांनी, आजच पैसे भरा. मी ती फाडू लागलो. “भर पैसे,” दादा म्हणाला. “फक्त नाव तुझं टाक.”