अनुभवाचं पत्र

मी जनावरांच्या दवाखान्यात कारकून आहे. माझी लेक गेली दोन वर्षं रोज शाळा सुटली की तिथेच पिंजरे धुते. कॉलेजच्या अर्जाला अनुभवाचं पत्र हवं, म्हणून मी डॉक्टरांकडे शब्द टाकला.

"ताई, तिला अजून अठरा पूर्ण नाहीत. असं लेखी देऊन मला गोत्यात आणता का?"

तासाभरात त्यांचे मित्र आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. ती नाकावरचा रुमाल काढेना. तिच्या 'दोन वर्षांच्या सेवेचं' पत्र डॉक्टरांनी मलाच टाइप करायला लावलं. कुत्र्यांची घाण बघून कधी आली नव्हती, ती शिसारी तेव्हा आली.

"सोबत कामाचा एखादा फोटो असता तर," मित्र म्हणाले.

डॉक्टरांनी मोबाइल चाळला आणि पिंजरा घासणाऱ्या माझ्या लेकीचा फोटो मला पाठवला.



"हा जोडा, ताई. पाठमोरी आहे, खपून जाईल."