शेजारच्या सीटवरून

“काका, प्रश्न काकूंना आहे.”

डॉक्टरीणबाईंनी हे दुसऱ्यांदा सांगितलं. मास्तरांनी लगेच दोन्ही हात वर केले, म्हणजे आपण कशालाच हात लावलेला नाही हे दिसावं. पाय मात्र टेबलाखाली दाबलेलाच होता. मास्तरांनी उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काढला होता. शिकाऊ माणसाच्या शेजारची सीट, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक. तो अडखळला की यांचा पाय आपोआप खाली. नोकरी सुटली, पाय सुटला नाही.

काकू अंग चोरून बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी मघाशी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. मग मध्येच घड्याळाचं चित्र काढायला लावलं. शंभरातून सात, त्यातून पुन्हा सात, अशी वजाबाकी करायला लावली. काकूंनी घड्याळात काटे भलतीकडे नेले, तेव्हा मास्तरांनी पेन्सिल काढून घेऊन ते नीट जागेवर आणले. वजाबाकीत तर ते काकूंच्या आधीच खाली उतरून उभे होते. आता पाच शब्द परत मागितले होते.

“पूल,” काकू म्हणाल्या.

मास्तरांनी श्वास सोडला. मागच्या वेळी पहिल्याच शब्दाला गाडी बंद पडली होती. तेव्हा मास्तरांनाही धक्का मारता आला नव्हता. शब्द फार पुटपुटून सांगितले, अशी त्यांनी तक्रार केली होती.

दुसरा शब्द येईना. तो येईपर्यंत गाडी थोडी रिव्हर्स घ्यायला हरकत नाही.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमधल्या. एके काळी अर्ध्या शहराचे नंबर त्यांच्या जिभेवर. त्याच काकू एक दिवस जेवताना म्हणाल्या, हल्ली माझं डोकं चालत नाही, मला कुणाला तरी दाखवा. मास्तरांना धक्का बसला. बरंही वाटलं. कारण त्याच आठवड्यात मुलीने फोनवर उलटंच काहीतरी सुचवलं होतं आणि त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. गाडीच्या चाव्या फ्रिजमध्ये कुणालाही सापडू शकतात.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते साधंच होतं. रोज चाला. मीठ-साखर आवरा. ब्लडप्रेशर वाढू देऊ नका. वेळेवर झोपा. माणसांत बसा. काहीतरी नवीन शिका. काकूंनी मान हलवली आणि घरी येऊन यातलं काहीही केलं नाही.

मग मास्तर शेजारच्या सीटवर बसले.

चालायला गेल्या की काकू गल्लीच्या टोकावर गोंधळून उभ्या राहायच्या, म्हणून हे बरोबर. काकूंच्या हातून चहात साखर दोनदा पडायची, म्हणून डबाच माळ्यावर. एका घरात दोन प्रकारचा चहा कोण करत बसणार, म्हणून यांचाही फिका. सिगारेटच्या वासाने काकूंना रात्री झोप लागेना, म्हणून सिगारेट बंद. काकूंचा आवाजही अलीकडे इतका बारीक झाला होता की तो ऐकण्यासाठी मास्तरांना कानाचं यंत्र घ्यावं लागलं. काकूंना माउथ ऑर्गन शिकायचा होता. त्यांना एक सूर धड सापडेना. मास्तर चिडून स्वतः शिकले, निव्वळ दाखवण्यापुरता. परवा शेजारच्यांनी फर्माईश केली, तेव्हा आढेवेढे न घेता त्यांनी तीन गाणी वाजवली.

पण आज निकाल होता. येताना रिक्षात मास्तरांनी बजावलं होतं, या खेपेला फरक दिसला नाही तर हे सगळं बंद. मग तू आणि तुझं नशीब. आणि पास झालीस तरी बंद. लायसन्स मिळाल्यावर कुणी परत वर्गात येऊन बसत नाही. काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या होत्या.

“दुसरा शब्द, काकू?”

काकू छताकडे बघू लागल्या.

“खिशात असतो,” मास्तर म्हणाले.

“काका.”

“मी कुठे काय सांगितलं? खिशात हजार गोष्टी असतात.”

“रुमाल,” काकू म्हणाल्या. मग थांबल्या. डॉक्टरीणबाईही थांबल्या. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. समोर गाडी भिंतीवर चाललीय आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे मास्तरांच्या रक्तातच नव्हतं.

“अगं, कोंबडा,” त्यांनी एका दमात सांगून टाकलं, “शिडी, लिंबू. किती सोपं आहे.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे रागावून पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या की फरक आहे, पण थोडासाच. आहे ते सगळं असंच चालू राहायला हवं, आणि काकूंना एकटं सोडून मुळीच चालणार नाही.

मास्तरांची छाती फुगली. शिकवणाऱ्यावर बरंच असतं, असं त्यांनी नम्रपणे कबूल केलं. आता परत चालतच जायचं, रिक्षा नाही, असं काकूंना बजावून ते पुढची तारीख घ्यायला बाहेर गेले.

दार लागलं. काकू खुर्चीत सरळ झाल्या.

“घड्याळ?” त्यांनी विचारलं.

“अचूक. वजाबाकीही. आणि शब्द पाचही. मागच्या वेळी त्यांना एकही आला नव्हता.”

काकूंनी डोळे मिटले, उघडले, पर्स उचलली.

“पुढच्या वेळी तुम्ही तीन सांगा, काकू,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. “एकदम पाच नको. ते चालायचं बंद करतील.”