सोळा घरांचं रक्त

टीबीशी काहींचं शरीर नेटाने झुंजतं आणि काहींचं लवकर हार मानतं, ते का, याच्या संशोधनासाठी प्रतिभाला जर्मनीत पीएचडीला प्रवेश मिळाला. गावाने शाळेत सत्कार ठेवला. भाषणात तिने सांगितलं, "दोन वर्षांपूर्वी टीबीचा रुग्ण असलेल्या इथल्या सोळा घरांमधून मी बाकीच्या निरोगी माणसांच्या रक्ताचे नमुने नेले. त्यांच्यावरच माझा शोधनिबंध छापून आला."

सगळ्यांत जास्त टाळ्या शेजारच्या मंगलाबाईंनी वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

"काकू, वहिनी नही उनी?" प्रतिभाने विचारलं.

"ती नंदुरबारना दवाखानामा शे. टीबी दोन्ही फुफ्फुसमा पसरना म्हने. सरकारी दवाखानानी आशाताई वरीसभर मांगे लागेल व्हती, थुंकी तपासी ल्या म्हने. मीच जाऊ दिनं नही. म्हनलं, सूननं रगत आम्हनी प्रतिभानी तपासेल शे. काही निंघतं तर ती सांगतीच ना! मन्हं चुकनं का वं, बेटा?"

प्रतिभाला त्यांच्याकडे बघवेना. सोळाही घरांत टीबीचा धोका कुणाला आहे, ते निकाल तिला तोंडपाठ होते. ते सांगायला ती एकाही घरी गेली नव्हती.