शेवटचा हत्ती

मुलांनो, स्वयंपाकघराच्या टेबलावर एक जाडजूड डायरी आहे असं समजा. दिवसभर लोकांचे दात तपासून धापा टाकत घरी येणाऱ्या आईची. त्या घरात कायदा एकच: ज्या तारखेवर स्टिकर चिकटला, ती हलणार नाही. लेकीच्या पोहण्याच्या शर्यतीवर मासा, सहलीवर बस. आई-बाबांचं ‘आम्ही दोघंच, समुद्रकिनारी’ एवढं मात्र पेन्सिलीनं. खोडून खोडून कागद विरलेला. आजही आईनं खोडरबर उचललं. “हिला आता कुणाकडे ठेवायचं? पुढच्या वर्षी बघू.” “पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत म्हातारे होऊ,” बाबा भांडी पुसत म्हणाले. “मग काठ्या टेकत जाऊ,” म्हणत आई हसली, पण खोडरबर घुटमळलं. लेकीकडे शेवटचा स्टिकर उरला होता: वाढदिवसासाठी जपलेला सोनेरी हत्ती. तिनं तो समुद्रकिनाऱ्यावर घट्ट दाबला आणि फोन लावला. “मावशी, माझी गादी काढून ठेव गं.”