गालिचा वाळेपर्यंत

"आधी कूलर बंद करा," अतिक म्हणाला. "नाहीतर हा गालिचा उद्या सकाळी वाळेल."

गिरधरभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन. चार वाजता धुळ्याचे पाहुणे त्यांच्या मुलीची, ज्योतीची सुपारी फोडायला येणार होते आणि हॉलमधला गालिचा म्हणजे तूर्त मेहरूण तलावाचाच एक तुकडा होता. गुंडाळून ठेवावा तर खाली फरशी उखडलेली. सकाळी भाऊंचे वडील, आबा, त्याच्या बरोब्बर मधोमध ओकले होते. जरा बाजूला ओकले असते तर वर सोफा ढकलता आला असता.

अतिक दहा वर्षं गालिचे धूत होता आणि वाळवण्याबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. "धुणं सोपं आहे भाऊ, खरं काम वाळवायचं. पाणी मारायचा एक हात, तर मशीनने ओढायचे चार. मग काठाखाली विटा, म्हणजे खालूनही वारा. पंखे जमिनीलगत, तिरपे. पण हवा म्हणजे शेवटी फडकंच. कूलरने ती आधीच ओली करून ठेवली तर ती गालिच्याचं पाणी काय टिपणार? खिडक्या उघडा सगळ्या. बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. फुकटचा ड्रायर."

"कूलर आबांसाठी लावलाय," ज्योती म्हणाली.

तेव्हा कुठे अतिकने आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला. आबांची खाट आत नेताना काढलेलं दार परत बसलंच नव्हतं, त्यामुळे कूलरचा ओलावा सरळ हॉलमध्ये येत होता. खाटेवर आबा पडले होते. अंग लाल, तोंड उघडं, घामाचा एक थेंब नाही. डॉक्टर सकाळी सांगून गेले होते: ऊन लागलंय, दवाखान्यात हलवा, तोवर कूलरसमोरून उठवू नका. सुपारी फुटली की लगेच हलवू, असं घरात ठरलं होतं.

"मग राहू द्या," अतिक म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला आबा माहीत नव्हते, आम्हाला कूलरचं माहीत नव्हतं," गिरधरभाऊ म्हणाले. "आता दोघांनाही सगळं माहीत आहे."

ज्योतीला हे तिसरं स्थळ. पहिल्यांना तिचं वय खटकलं होतं. दुसऱ्यांना हॉलच्या भिंतीवरची ओल.

निकाल खाटेवरून आला. "बंद करी दे रे गिरधर," आबा पुटपुटले. "पाव्हना वल्लामा बसतीन का? मना बठ्ठा जलम ऊनमा गया. दोन तासमा काय मरस का मी?"

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. घरच्या मोठ्या माणसाचा शब्द. गिरधरभाऊंनी बटण बंद केलं आणि खिडक्या उघडल्या. झळ आत आली, थेट, ओळखीच्या माणसासारखी.

अतिकने मशीन फिरवलं. ओढलं, पुन्हा ओढलं. विटा लावल्या, दोन्ही पंखे सोडले. अडीचला फोन आला: पाहुण्यांनी पारोळा सोडलं. गिरधरभाऊंनी गुडघ्यावर बसून गालिच्याला गाल लावला. "काठ वाळले!"

मोरी हॉलच्या या टोकाला, आबा त्या टोकाला. ज्योती बादली भरून नेई, चादर भिजवून आबांवर टाकी, रिकामी बादली घेऊन परत येई. जाताना थेंब, येताना पावलं. सुपारीची नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. अतिक टॉवेल घेऊन तिच्या मागे मागे, एकेक पाऊल टिपत. जणू घरात एक मुलगी आणि तिचा माग पुसायला नेमलेला एक माणूस.

"ताई, त्यांना अजून ताप आहे?"

"चादर टाकली की पाच मिनिटांत वाळते," ती म्हणाली.

कुठलीही वस्तू पाच मिनिटांत वाळली असं त्याने आजवर ऐकलं नव्हतं. त्याने एक पंखा हळूच पडद्याकडे वळवला. गिरधरभाऊंनी तो परत फिरवला.

"अतिकभाई, आबांना वाळवायचंय का?"

"भाऊ, ओल्या चादरीवर वारा लागला तर जरा—"

"आधी गालिचा."

तीन वाजता एरंडोल गेलं. ज्योतीची पाचवी बादली, मग सातवी. सव्वातीनला पाळधी. मधोमध अजून एक दमट ठिपका होता, आबांएवढाच हट्टी. अतिकने त्यावर कोरडा टॉवेल ठेवला आणि वर उभा राहिला. गिरधरभाऊही त्याच्या शेजारी उभे राहिले. वजनासाठी. दोन प्रौढ माणसं एका टॉवेलवर छाती काढून उभी.

साडेतीनला टॉवेल उचलला. गिरधरभाऊ अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले आणि त्यांना हसू फुटलं. "कोरडा ठाक! अतिकभाई, मानलं तुम्हाला."

बाहेर गाडी थांबली. एकामागोमाग एक चार दारं लागली. गिरधरभाऊ टोपी सारखी करत धावले.

पडदा हलला आणि ज्योती बाहेर आली. साडी खाली सोडलेली, पदर नीट. अतिक सवयीने टॉवेल घेऊन वाकला.

गालिच्यावर पाऊल उमटलं नव्हतं. तो तिच्या कोरड्या पायांकडे बघत वाकलेलाच राहिला. मग त्याने मान वर केली.

"कूलर सुरू करू का, ताई?"

"नको, अतिकभाऊ," ती म्हणाली. दाराबाहेर गिरधरभाऊ कुणाला तरी मोठ्याने 'या, या' म्हणत होते. "त्यांना आता गरम होत नाही."