तिसरी रेघ

सुविधाला उद्या शाळेत समान वेगाचा प्रयोग दाखवायचा होता. पार्से गावातल्या घराच्या बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर, तिने वेग वाढणार नाही इतपतच तिरकी फळी मांडली, हातभर अंतरावर खडूच्या रेघा ओढल्या आणि खेळण्यातली बस सोडली. बस एका लयीत निघाली, तिसऱ्या रेघेवर थांबली आणि आपणहून पुन्हा चालू लागली.

"आजी, परत थांबली गो! दर वेळी तिथंच!"

वत्सलाने रेघेवरून बोट फिरवलं. फळी गुळगुळीत होती.

वत्सलाच्या यजमानांनी, दत्तारामांनी, तीस वर्षं पेडणे-डिचोली बस चालवली. मागून कितीही हॉर्न वाजोत, वळणावरच्या राखणदार देवाच्या देवळीपाशी क्षणभर थांबून हात जोडल्याशिवाय ते कधी पुढे गेले नाहीत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

वत्सला फळीशी वाकली. "अहो, आज थांबू नका. पोरीचे मार्क जातील."

"कोणाक सांगतेस गो?" सुविधाने हसत बस सोडली.

सगळ्या रेघा बसने सारख्याच वेळात ओलांडल्या. फळी संपली, तरी सपाट जमिनीवर त्याच वेगाने चालत ती वत्सलाच्या पायांपाशी आली आणि थांबली.

थांबूनच राहिली.

बसमध्ये चढताना धरायची तशा वत्सलाने निऱ्या हातात धरल्या.