फोटोखालचं नाव

फोटोखाली नाव नव्हतं. 'अज्ञात पुरुष, जयपुर, १९१८ के आसपास' एवढंच लिहिलं होतं.

शेषराव इंगळे यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मागे त्यांची पत्नी आनंदी उभी होती आणि रेल्वेतली दहा-बारा ओळखीची माणसं. आजोबांचा फोटो संग्रहालयात लागतोय, खाली नाव येणार, असं सांगून त्यांनीच सगळ्यांना आणलं होतं.

"नाव कुठं दिसत नाही, इंगळेसाहेब," एकजण हळूच म्हणाला.

शेजारच्या भिंतीवर हवेलीवाल्यांचे फोटो होते. त्या सगळ्यांची नावं होती. एका फोटोतल्या घोड्याचंही नाव होतं.

पुंजाजी इंगळे मलकापूरहून रूळ टाकायच्या कामावर जयपूरला आले होते. मानमोडीच्या तापाच्या साथीत ते इथंच गेले. शेषरावांचे वडील तेव्हा दोन वर्षांचे. आजीनं लुगड्याच्या घडीत हा फोटो जपत मुलाला गावी परत नेलं आणि त्यावर बोट ठेवून सांगितलं, हा तुझा बाप. रस्त्यावरच्या पेटीकॅमेरेवाल्यानं काढलेला, तळहाताएवढा. घरात पुंजाजींचं दुसरं काहीच नव्हतं.

शेषराव रेल्वेत लागले तेव्हा त्यांनी अर्ज करून जयपूर मागून घेतलं. निवृत्त झाल्यावरही परत गेले नाहीत. झोटवाड्यात दोन खोल्या बांधल्या. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आजा इथं आहे ना आमचा."

ईश्वरी त्यांच्याकडे आली ती मागच्या वर्षी. बँकेतल्या अधिकाऱ्याची मुलगी, वाढली जयपुरातच. रस्त्यावरच्या जुन्या फोटोवाल्यांची चित्रं जमवायला संग्रहालयानं तिला करारावर घेतलं होतं. फोटो हातात घेऊन ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग आनंदीच्या हातचं पिठलं खाता खाता तिनं सांगितलं, की हे फोटोवाले आधी कागदावरच उलटं चित्र, म्हणजे निगेटिव्ह, धुवायचे आणि त्याचाच परत फोटो काढून सुलटं करायचे; एकावरून हवी तितकी.

"काका, खाली आजोबांचं नाव येणार. मतलब, पक्का," ती म्हणाली होती.

त्यानंतर ती दर रविवारी यायची. आनंदीला मुलगी नव्हती. तिनं हिच्यासाठी वेगळी ताटली ठेवली. मग ईश्वरी कामासाठी चाकसू, बगरूकडच्या गावांत फिरून आली आणि तिचं येणंच बंद झालं. फोनवर 'काम फार आहे' एवढंच म्हणायची.

आता ती दाराशी पाहुण्यांना माहितीपत्रकं देत होती. शेषराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"नाव का नाही लिहिलं?"

"काका, ते आपण नंतर बोलू."

"नंतर कशाला? आत्ता सांग."

तिनं खाली पाहिलं. "नाव लिहायला प्रूफ लागतं, काका."

"घोड्याचं प्रूफ कुणी दिलं होतं?"

ती पुढच्या पाहुण्याला पत्रक द्यायला वळली. शेषरावांना जे समजायचं ते समजलं. जात कळली की अशी पाठ फिरवणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती.

दोन दिवसांनी ती मूळ फोटो घेऊन घरी आली. आनंदीनं पाणी दिलं, चहा विचारला नाही.

"काका, हा परत ठेवून घ्या. भिंतीवरची मोठी प्रत मी काढून टाकते. घरीच असू द्या, प्लीज."

"म्हणजे आता भिंतीवरूनही काढणार?" शेषरावांचा आवाज चढला. "या घरात जेवलीस तू, पोरी. आमचं नाव तुझ्या भिंतीला चालत नाही, हे तेव्हाच सांगायचं होतंस."

तिचे डोळे भरून आले. पण ती उठली आणि निघून गेली.

शेषरावांनी संग्रहालयाच्या संचालकांना पत्र लिहिलं, चार पानी. जातीमुळे नाव गाळलं, असं स्वच्छ लिहिलं. कॉलनीतल्या चाळीस जणांनी सह्या केल्या. वर्तमानपत्रात बातमी आली. संचालकांनी दोघांना समोरासमोर बसवलं.

"कोई वजह थी तो बताइए," ते ईश्वरीला म्हणाले.

तिनं एकदा शेषरावांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता ती बोलेल. पण ती म्हणाली, "नहीं सर. गलती मेरी है." आणि माफीनाम्यावर सही केली. तिचा करार त्याच दिवशी संपवला. जाताना तिनं वाकून शेषरावांना नमस्कार केला. त्यांनी पाय मागे घेतले.

आठवड्यानं शेषराव एकटेच संग्रहालयात गेले. पितळी पट्टीवर लिहिलं होतं: 'पुंजाजी इंगळे, रेल्वे मज़दूर.' पहारेकरी रणजितनं त्यांना ओळखून सलाम केला. शेषराव फोटोसमोर उभे राहिले. शंभर वर्षांनी आजाला त्याचं नाव मिळालं होतं.

शेजारी एक म्हातारा येऊन थांबला. डोक्याला साफा, हातात कापडी पिशवी, सोबत सुनेच्या वयाची बाई. त्यानं फोटोला हात जोडले.

"भाईसाब, मैं पढ़ा नहीं हूँ. नीचे क्या लिखा है?"

शेषरावांनी अभिमानानं वाचून दाखवलं.

म्हातारा गोंधळला. "नहीं जी. ये तो म्हारा दादोसा हैं, मेरे बाप के बाप. भूराराम, चाकसू के."

त्यानं पिशवीतून हार घातलेली तसबीर काढली. तोच चेहरा, तशीच बसण्याची ढब, तोच मागचा पडदा.

शेषरावांनी भिंतीकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं. मदतीसाठी त्यांची नजर रणजितकडे गेली. तो म्हाताऱ्यासाठी खुर्ची घेऊन आधीच येत होता.

"मैडम ने इसीलिए नाम नहीं लिखा था, साब," तो हळू आवाजात म्हणाला. "यही फोटो कई घरों से निकला है. आप पहले थे. ये छठे हैं."